दिदिए देशाँ: पाणक्या खेळाडू ते विश्वविजेता प्रशिक्षक. त्याच्या डाव्या बाजूचं गणित कुणी उलगडून सांगेल का?

नायगावचा_लेफ्टबॅक

मंडळी, फ्रान्सच्या देशाँबद्दल दोन प्रश्न आहेत. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिला प्रश्न. मैदान गाजवलेले खेळाडू प्रशिक्षक झाले की पुष्कळदा फसतात. देशाँ मात्र १९९८ ला कर्णधार म्हणून आणि २०१८ ला प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला. त्याच्या आधी खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक मारियो झागालो आणि फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी जिंकला होता. पण बेकेनबाउअर खेळाडू म्हणून देखणा होता. देशाँ तसा नव्हता. १०३ सामन्यांत ४ गोल. मग खेळाडू असताना त्याने नेमकं काय कमावलं जे पुढे कामी आलं?

दुसरा प्रश्न जास्त व्यवहाराचा आहे. २०१८ च्या संघात डाव्या विंगेवर ब्लेझ मातुइदी होता. हा मूळचा मधल्या फळीतला, पळणारा, चेंडू हिसकावणारा खेळाडू. त्याला विंगेवर ठेवून काय साधलं? आकृतीत ४-२-३-१ (चार बचावपटू, दोन मध्य, त्यांच्यापुढे तिघे, एक आघाडीवीर) दिसतं, पण सामना बघताना ते तसं दिसत नाही. माझ्याकडे १६ वर्षांखालचा शाळेचा संघ आहे. उजवीकडे एक फार वेगवान मुलगा आहे जो मागे येत नाही, आणि डावीकडे विंगर म्हणावा असा कुणीच नाही. म्हणजे अडचण देशाँचीच, फक्त आझाद मैदानाच्या मापाची. ही रचना मुलांना शिकवता येईल का, आणि शिकवायची तर कुठून सुरुवात करू?

जुना_सेंटरहाफ

पहिल्या प्रश्नावर लिहितो, दुसऱ्यावर इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

एरिक कान्तोनाने देशाँला हिणवून ‘पाणक्या’ म्हटलं होतं. हिणवण्यासाठी म्हटलं खरं, पण वर्णन अचूक होतं. पंगतीत पाणी वेळेवर फिरलं नाही तर वाढप्यांची धावपळ वाया जाते. देशाँ बचावफळीच्या पुढे उभा राहायचा, चेंडू हिसकावायचा आणि दोन स्पर्शांत झिदानसारख्याच्या पायात द्यायचा. त्या जागेवरून खेळणाऱ्याला सगळं मैदान समोर दिसतं: कोण पुढे गेलाय, त्याची जागा रिकामी आहे का, ती कुणी भरायची. आघाडीवीराला हे बघावंच लागत नाही. प्रशिक्षकाचं निम्मं काम हेच आहे आणि देशाँने ते पंधरा-सोळा वर्षं रोज केलं.

आता तो कुठे कुठे शिकला ते बघा. जन्म १९६८, बायोन, बास्क भागातला. किशोरवयातच नाँतच्या अकादमीत गेला. मार्सेल देसाई तिथे त्याच्याबरोबर होता. १९८५ मध्ये नाँतच्या पहिल्या संघात आला. १९८९ ला मार्सेयला गेला, मध्ये एक मोसम बोर्दोला उसना दिला गेला, परत आला आणि १९९३ मध्ये कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीग उचलली. म्युनिकमध्ये एसी मिलानवर १-०, बाझिल बोलीचं हेडर. मग १९९४ ते ९९ युव्हेंटस, मार्चेल्लो लिप्पीच्या हाताखाली. तीन वेळा सेरी आ (इटलीची पहिली श्रेणी), १९९६ ची चॅम्पियन्स लीग, आणि १९९६, ९७, ९८ असे लागोपाठ तीन अंतिम सामने. पुढे एक मोसम चेल्सी, एफए कप. शेवट व्हॅलेन्सियात.

यातला सर्वांत महत्त्वाचा काळ माझ्या मते युव्हेंटसचा. त्या काळच्या इटलीत आठवडाभर सराव कशाचा व्हायचा? चेंडू गेल्यावर कोण कुठे उभा राहणार याचा. ‘आधी गोल खायचा नाही, मग बघू’ हे देशाँच्या डोक्यात तिथे पक्कं बसलं. त्याचा फ्रान्सचा संघ पाहताना मला नाँतची पासिंग कमी आणि तुरीन, म्हणजे युव्हेंटसचं गाव, जास्त दिसतं.

आणि एक जखम. १७ नोव्हेंबर १९९३, पॅरिस. अमेरिकेतल्या विश्वचषकाला जायला फ्रान्सला बल्गेरियाशी नुसती बरोबरी पुरे होती. ९० व्या मिनिटाला फ्रान्सच्या संघाने चेंडू कोपऱ्यात धरून ठेवायच्या ऐवजी क्रॉस मारला, तो लांब गेला, बल्गेरियाने पलटवार केला आणि एमिल कोस्तादिनोव्हने गोल केला. देशाँ त्या सामन्यात मैदानावर होता. शेवटच्या मिनिटांत चेंडू कुठे असावा याबद्दल तो इतका काटेकोर का आहे, हे तो सामना पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रशिक्षक म्हणूनही तो थेट राष्ट्रीय संघावर आला नाही. २००१ ते २००५ मोनाको: २००३ चा लीग कप, २००४ ला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. वाटेत रेआल माद्रिद आणि चेल्सीला घरी पाठवलं, शेवटी मोरिन्होच्या पोर्तोकडून ०-३. कर्णधार ज्युली सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला आणि मोनाकोकडे दुसरी वाट नव्हती. २००६-०७ मध्ये युव्हेंटस सेरी बीत, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत होतं, गुण कापून (शेवटी ९) मोसम सुरू झाला, तरी वर आणलं आणि लगेच सोडलंही. २००९ ते १२ मार्सेय: २०१० ला १८ वर्षांनी लीग, शिवाय लागोपाठ तीन लीग कप. जुलै २०१२ मध्ये फ्रान्सची जबाबदारी घेतली तेव्हा अकरा वर्षांत तीन तऱ्हेच्या ड्रेसिंग रूम त्याने हाताळल्या होत्या: तरुण, उतरणीला लागलेली आणि भांडखोर.

कूपरेज_पूर्व

आता डाव्या बाजूवर येतो.

आधी हे लक्षात घ्या की ही रचना स्पर्धेच्या सुरुवातीला नव्हती. १६ जून २०१८ ला कझानमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुढे ग्रीझमन, एमबापे आणि डेम्बेले असे तिघे चपळ खेळाडू होते. कागदावर भयंकर. प्रत्यक्षात समोर चेंडू धरून ठेवणारा कुणी नाही, तिघेही मोकळ्या जागेत पळायला उत्सुक आणि ऑस्ट्रेलियाने मागे गर्दी करून जागाच दिली नाही. २-१ ने जिंकले ते एका पेनल्टीवर आणि बचावपटूला लागून आत गेलेल्या चेंडूवर. पुढच्याच सामन्यात, पेरूविरुद्ध, दोन बदल: डेम्बेलेच्या जागी ओलिव्हिए जिरू आणि डावीकडे तोलिसोच्या जागी मातुइदी. त्यानंतर महत्त्वाच्या सामन्यांत हाच साचा.

हे दोन बदल एकत्रच बघायला हवेत. जिरूने त्या अख्ख्या स्पर्धेत गोल केला नाही, त्याचा एकही फटका गोलच्या चौकटीत नेमका गेला नाही. तरी तो संघात का? कारण तो दोन सेंटर बॅकना (बचावफळीतल्या मधल्या दोघांना) अंगावर घेऊन उभा राहायचा. त्यामुळे त्यांना पुढे सरकता येत नसे आणि त्यांच्या पुढ्यातली पट्टी ग्रीझमनला मोकळी मिळायची.

मातुइदीचं काम असं:

चेंडू आपल्याकडे असताना तो डाव्या रेषेवर उभा राहत नाही, आत येतो. रेषेवरून वर जातो तो लेफ्टबॅक, म्हणजे डावा बचावपटू, लुका हर्नांडेझ. चेंडू गेला की मातुइदी कान्ते आणि पोग्बाच्या शेजारी येऊन तिसरा होतो. म्हणजे ४-२-३-१ हे फक्त चेंडू आपल्याकडे असताना. बचावात ते जवळजवळ ४-३-३ होतं आणि तेही एका बाजूला कललेलं. मध्ये तिघे भक्कम असल्यामुळे उजवीकडे एमबापेला मागे यायची सक्ती उरत नाही. तो मध्यरेषेजवळ थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याचा लेफ्टबॅक वर जायला कचरतो. त्याच्या मागे राइटबॅक पाव्हार, तो मूळचा सेंटर बॅक, बहुतेक वेळ मागेच. अर्जेंटिनाविरुद्धचा त्याचा तो व्हॉली सगळ्यांना आठवतो, पण नीट बघा: चाल डावीकडून हर्नांडेझने केली, क्रॉस सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पाव्हार उशिरा, मोकळा, पलीकडून आला.

थोडक्यात, डावीकडचा एक कसबी विंगर सोडून देऊन देशाँने उजवीकडच्या एमबापेची सुटका विकत घेतली. अर्जेंटिनाविरुद्ध ४-३ मध्ये त्याचे ६४ व्या आणि ६८ व्या मिनिटाचे गोल ही त्याची वसुली.

लोक त्या संघाला कंटाळवाणा म्हणतात, मला ते पटत नाही. मॉस्कोच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाकडे चेंडू जास्त वेळ होता, फ्रान्सचा ताबा ४० टक्क्यांच्याही खाली, आणि निकाल ४-२. चेंडू कुठे गमावला तर चालतो आणि कुठे नाही हे अकराही जणांना ठाऊक असणं, हे सुद्धा देखणं असतं.

उभ्या चेंडूचं (कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी) महत्त्वही विसरू नका. बाद फेरीतल्या ४ सामन्यांत फ्रान्सचे ११ गोल झाले. त्यात दोन पेनल्टी, उरुग्वेविरुद्ध फ्री किकवर वरानचं हेडर, बेल्जियमविरुद्ध कॉर्नरवर उमतितीचं हेडर आणि अंतिम सामन्यात फ्री किकवर मान्जुकिचचा स्वयंगोल. ११ पैकी ५. राष्ट्रीय संघाला सराव किती मिळतो? खेळाडू सोमवारी जमतात, पहिला दिवस थकवा घालवण्यात जातो, गुरुवारी-शुक्रवारी सामना. पूर्ण ताकदीचे सराव दोन, फार तर तीन. एवढ्यात पासिंगचं बारीक विणकाम बसत नाही, पण कॉर्नर आणि फ्री किक बसतात. देशाँने हे ओळखलं होतं.

शिट्टी_वाजली

कूपरेज, एक दुरुस्ती. उरुग्वेविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात मातुइदी नव्हता. दोन पिवळ्या कार्डांमुळे निलंबित होता. त्याच्या जागी देशाँने परत तोलिसोलाच, म्हणजे मधल्या फळीतल्याच खेळाडूला, डावीकडे उभं केलं. डेम्बेले आणि लमार, दोघे खरे विंगर, सुरुवातीला बाकावरच होते. आणि डेन्मार्कविरुद्ध ०-० झालं त्या सामन्यात लमार डावीकडे होता, पण तेव्हा पुढची फेरी निश्चित होती म्हणून देशाँने सहा बदल केले होते.

कूपरेज_पूर्व

बरोबर, धन्यवाद. आणि यावरून हेही दिसतं की त्या जागेवर त्याला मातुइदीच हवा होता असं नव्हे, त्या जातीचा खेळाडू हवा होता. २०२२ ला हेच गणित त्याने आरशात दिसावं तसं उलटं मांडलं. एमबापे आता डावीकडे. त्याच्या मागे थिओ हर्नांडेझ वर जाणारा, म्हणून डाव्या मध्यातला राबिओ पळून ती बाजू झाकणारा. उजवीकडे राइटबॅकला कुन्दे, हाही मूळचा सेंटर बॅक, मागे राहणारा. पोग्बा आणि कान्ते दोघे जखमी, तर ग्रीझमनला थेट मधल्या फळीत आणलं आणि तो त्या स्पर्धेत फ्रान्सचा सर्वांत उपयोगी खेळाडू ठरला.

नायगावचा_लेफ्टबॅक

फार छान. आता कळलं की मातुइदी आणि जिरू ही जोडगोळी आहे. पण मग हे मोडतं कुठे? मुलांना शिकवण्याआधी ते माहीत हवं.

जुना_सेंटरहाफ

तीन सामने बघा.

पहिला, १५ नोव्हेंबर २०१३, कीव्ह. युक्रेनकडून ०-२. विश्वचषक पात्रतेची फेरी, परतीचा सामना चार दिवसांनी पॅरिसला. देशाँने संघातले पाच बदलले. वरान आणि साखो ही नवी सेंटर बॅक जोडी उतरवली. ३-० झालं, त्यातले दोन गोल साखोच्या खात्यावर. मोडलेलं लगेच बदलायची तयारी तिथे दिसली. त्याचबरोबर हेही की तो नावाला भीत नाही.

दुसरा, २८ जून २०२१, बुखारेस्ट, युरो स्पर्धेच्या बाद फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध. हा त्याचा सर्वांत चुकलेला सामना आहे आणि शिकण्यासारखाही तोच. दोन्ही लेफ्टबॅक, लुका हर्नांडेझ आणि दीन्य, दुखापतग्रस्त. चौघांची बचावफळी ठेवून एखाद्याला तात्पुरता लेफ्टबॅक करण्याऐवजी देशाँ तीन सेंटर बॅकवर गेला, त्यात लाँग्ले, आणि डाव्या रेषेवर विंगबॅक (बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा) म्हणून राबिओ. या रचनेची सवय नव्हती. १५ व्या मिनिटाला स्वित्झर्लंडच्या डावीकडून आलेल्या क्रॉसवर सेफेरोविच लाँग्लेच्या वर उडाला आणि गोल. मध्यंतराला लाँग्लेला काढून कोमानला आणलं, चौघांवर परत आले. ५५ व्या मिनिटाला गोलरक्षक लोरिसने पेनल्टी अडवली, लगेच बेन्झेमाचे दोन गोल, ७५ व्या मिनिटाला पोग्बाचा तिसरा. ३-१. इथे सामना संपायला हवा होता. पण ८१ व्या मिनिटाला एक गोल खाल्ला, मग पोग्बाने चेंडू मध्ये गमावला आणि ९० व्या मिनिटाला दुसरा, पेनल्टीत एमबापेचा फटका त्यांचा गोलरक्षक झोमरने अडवला. दोन चुका वेगळ्या ठेवा. एक, न सरावलेली रचना बाद फेरीत आणणं. दुसरी, आघाडी मिळाल्यावर मधल्या फळीत तिसरा माणूस उशिरा आणणं. ८८ व्या मिनिटाला सिसोको आला तेव्हा ३-२ झालं होतं. २०१८ चा देशाँ इतकं थांबला नव्हता: अंतिम सामन्यात कान्तेला पिवळं कार्ड मिळालं आणि तो डगमगत होता म्हणून ५५ व्या मिनिटालाच एनझोन्झी आणला होता, तेही फक्त २-१ असताना.

तिसरा, १८ डिसेंबर २०२२, लुसैल, अर्जेंटिनाविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना. त्यांचा प्रशिक्षक स्कालोनीने डि मारियाला डावीकडे ठेवलं. म्हणजे एमबापेची बाजू सोडून पलीकडची, डेम्बेले आणि कुन्देची. डेम्बेले हा बचाव करणारा विंगर नव्हे. त्याच्याच पायाने डि मारिया पडला, पेनल्टी, आणि २३ व्या मिनिटाला त्यावर गोल. ३६ व्या मिनिटाला डि मारियाचा गोल. ४१ व्या मिनिटाला, मध्यंतराचीही वाट न पाहता, देशाँने डेम्बेले आणि जिरू दोघांना काढून कोलो मुआनी आणि मार्कुस थ्युराम आणले. ७१ व्या मिनिटाला ग्रीझमनही गेला. तिथून एमबापेने ८० आणि ८१ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पुढे जादा वेळेत ११८ व्या मिनिटाला ३-३. पेनल्टीत २-४.

म्हणजे मोडतं ते दोन ठिकाणी. वर जाणारा लेफ्टबॅक नसेल तेव्हा. आणि दुसऱ्या बाजूच्या विंगरनेही मागे येणं सोडलं तेव्हा. मागे न येण्याची मुभा एकालाच देता येते, दोघांना दिली की मधले तिघे पुरत नाहीत.

डी_लायसन्स

नायगाव, आता मैदानावरचं सांगतो. वय १४ ते १६ धरून. सराव साधारण ७० मिनिटांचा. मुंबईच्या दमट हवेत दर २० मिनिटांनी पाणी, ते वेळेत मोजूनच.

साहित्य: शंकू १६, बिब (अंगावर चढवायची रंगीत बंडी) दोन रंगांत ८-८, चेंडू ६. आझाद मैदानावर शेजारी दुसऱ्यांचा खेळ चालू असतोच, म्हणून पूर्ण मैदान मिळेल असं धरू नका. ५० बाय ४० मीटर पुरे. रुंदीचे पाच उभे पट्टे करा, प्रत्येकी ८ मीटर: दोन रेषेचे, दोन आतले, एक मधला. दोन पट्ट्यांमधल्या हद्दी चार, प्रत्येक हद्दीवर चार शंकू.

पहिली १० मिनिटं चेंडूला पाय लावायचा नाही. चेंडू तुमच्या हातात. तुम्ही एका पट्ट्यातून दुसऱ्यात चालत जायचं आणि मधल्या तिघांनी चेंडूबरोबर सरकायचं, आपसांत ८ ते १० मीटर अंतर ठेवून. चेंडू उजव्या रेषेवर गेला तर डावा मध्य मैदानाच्या मधल्या पट्ट्यात आलेला दिसला पाहिजे. मुलांना हे पटत नाही, ‘माझी बाजू मोकळी पडते’ म्हणतात. त्यांना सांगा की लांबचा चेंडू हवेतून यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात परत जाता येतं. मधून जमिनीवरून आलेला चेंडू मात्र सेकंदात गोलसमोर.

पुढची २० मिनिटं सहा विरुद्ध चार. सहा म्हणजे लेफ्टबॅक, डावा मध्य, उरलेले दोन मध्य, ग्रीझमनच्या जागेवरचा आणि जिरूच्या जागेवरचा. नियम एकच: डावा मध्य आणि लेफ्टबॅक एका वेळी एकाच पट्ट्यात दिसता कामा नयेत. एक रेषेवर असेल तर दुसरा आत. दिसले की शिट्टी, चेंडू दुसऱ्या संघाला. या एका नियमाने अर्धं काम होतं.

शेवटची २५ मिनिटं आठ विरुद्ध आठ. उजवीकडच्या वेगवान मुलाला मध्यरेषेच्या मागे यायची बंदी घाला, हो, बंदीच. चेंडू जिंकल्यावर तीन पासच्या आत त्याच्याकडे पोहोचला तर एक गुण, गोल झाला तर तीन. चार पास झाले की गुण नाही. मग मधल्या मुलांना आधी वर बघायची सवय लागते.

काय बिघडतं ते आधीच सांगतो. एक, डावा मध्य विंगर असल्यासारखा रेषेवर चिकटतो आणि मध्ये दोघेच उरतात. हे दहा मिनिटांत दिसेलच. दोन, लेफ्टबॅक वर जातो पण डावा सेंटर बॅक त्याच्या मागच्या जागेकडे सरकत नाही. त्याला ५-६ मीटर डावीकडे सरकायला आणि राइटबॅकला तितकंच आत यायला वेगळं शिकवावं लागतं, आपोआप होत नाही. तीन, जिरूच्या जागी तुम्ही सर्वांत जास्त गोल करणारा मुलगा ठेवाल. नका ठेवू. तिथे असा हवा जो पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू दोन सेकंद धरेल.

चार, पावसाळा. चिखलात दहा मीटरचा जमिनीवरचा पास निम्म्यात अडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ‘तीन पास’चा नियम एका लांब चेंडूवर आणा आणि मधल्या तिघांना जिरूच्या जागेभोवती पडणाऱ्या दुसऱ्या चेंडूवर (पहिल्या झुंजीतून उडून सुटलेल्या) सोडा. रचना तीच, फक्त चेंडू वरून जातो.

माटुंगा_रोड

चर्चा उत्तम चालली आहे, पण पहिल्या प्रश्नावर एक वेगळं मत. खेळाडू म्हणून देशाँ मोठा होता म्हणून तो यशस्वी झाला, हे मला पूर्ण पटत नाही. लुसैलला त्याला हरवणारा लिओनेल स्कालोनी अर्जेंटिनाकडून अवघे ७ सामने खेळला होता. २०१८ ला फ्रान्सने ४-३ ने हरवलं त्या अर्जेंटिनाच्या बाकावर तो सहायक होता. तिथून हंगामी, मग कायम, २०२१ ला कोपा अमेरिका आणि २०२२ ला विश्वचषक.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. भारताला १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथं स्थान त्यांनी मिळवून दिलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ मध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. वांद्र्याच्या मैदानाला त्यांचं नाव आहे आणि तिथे खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ते कुणीतरी सांगायला हवं. १९६२ ला जकार्तात जर्नेलसिंग हा बचावपटू डोक्याला टाके असताना रहीमसाहेबांनी पुढे खेळवला आणि त्याने उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केले. हातात आहेत त्या खेळाडूंतून तोल जुळवणं ते हेच.

जुना_सेंटरहाफ

माटुंगा, तुमचा मुद्दा मान्य. मी मोठेपणाबद्दल नव्हे, जागेबद्दल बोलत होतो. स्कालोनीसुद्धा उजव्या बाजूचा राबणारा खेळाडू होता, दहा नंबरचा, म्हणजे हल्ला रचणारा कसबी, नव्हे.

आणि खेळाडूंच्या निवडीबद्दल एक राहिलं. २०१० ला दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावच नाकारला होता. देशाँने ते लक्षात ठेवलं. २०१४ ला समीर नास्रीला वगळलं. करीम बेन्झेमा २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बाहेर. राबिओने २०१८ ला राखीव यादीत राहायला नकार दिला, तर त्याच्याशिवाय गेला. पण दोन वर्षांनी परत घेतलंच आणि २०२२ ला तोच आधार ठरला. सहा आठवडे एकत्र राहायचं असतं, आणि २०१८ च्या २३ जणांच्या संघात १२ जण पहिल्या अकरात नसत. त्या १२ जणांत कोण कुरकुर न करता सराव करेल, हे तो पहिल्या ११ जणांइतक्याच बारकाईने निवडतो. शाळेच्या संघात १८ मुलं असतील तर तुम्हाला ७ जणांचा हाच विचार करावा लागेल. प्रत्येकाला त्याचं काम आधी सांगून ठेवा: हा ६० व्या मिनिटाला डाव्या मध्यासाठी, हा आघाडी असेल तर तिसरा मध्य.

नायगावचा_लेफ्टबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एकच: कूपरेजने म्हटलेला उमतितीचा कॉर्नर, तो मुलांना जमेल असा मांडता येईल का? आमच्याकडे डावखुरा एक आहे.

डी_लायसन्स

डावखुरा असेल तर तसाच मांडा. बेल्जियमविरुद्ध कॉर्नर उजवीकडून होता, ग्रीझमनने डाव्या पायाने मारलेला, म्हणजे चेंडू गोलकडे वळत येणारा. उमतिती जवळच्या खांबाकडे धावला आणि फेलाइनीसारख्या उंच माणसाच्या पुढे येऊन डोकं लावलं. उंचीपेक्षा आधी पोहोचणं महत्त्वाचं होतं.

तुमची माणसं अशी: मारणारा १, पेटीत (पेनल्टीच्या चौकोनात) ५, पेटीच्या कडेला २, मध्यरेषेवर २, गोलरक्षक १. पेटीतल्या पाचांनी पेनल्टीच्या खुणेजवळ घोळक्याने उभं राहायचं. मारणाऱ्याने हात वर केला की दोघे दूरच्या खांबाकडे पळतात, एक गोलरक्षकाच्या समोर, आणि चौथा एक पाऊल दूर जाऊन वळतो आणि जवळच्या खांबाकडे झेपावतो. पाचवा जागेवरच, उडून आलेल्या चेंडूसाठी. चेंडू जवळच्या खांबाच्या दोन-तीन मीटर अलीकडे, छाती ते डोक्याच्या उंचीत. उंच उडवला की गोलरक्षकाचा.

आठवड्याला दोन सरावांत प्रत्येकी १२ कॉर्नर मारून घ्या. पहिले ४ बचावाशिवाय, पुढचे ८ बचावासह. मध्यरेषेवरचे दोघे कोण ते नावानिशी ठरवा, आणि त्यातला एक तुमचा तो उजवीकडचा वेगवान मुलगा असू द्या. कॉर्नर फसला आणि चेंडू लांब उडाला, तर शर्यतीत पहिला तोच पोहोचेल.